लाटेचा अंदाज कुणासाठी?

(किनारपट्टीवरच्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

कालपासून आपण घरातल्या मारहाणीवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो, बचतगटाच्या कर्जावरून तर भांडणच झालं. आणि आत्ता ताईंनी माझा विषय जाहीर केला, 'नवशिक्यांचा किनारा, तिथली लाट आणि तिचा अंदाज', तेव्हा मागच्या रांगांत हसू फुटलं. मला ऐकू आलं ते. एकजण शेजारणीला म्हणाली, "हंड्याला पाणी नाही आणि ही समुद्रावर खेळायला सांगणार."

मी रागावले नाही. पाच वर्षांपूर्वी मी त्या रांगेत असते तर मीही हसले असते. पण थोडा वेळ मला द्या. मी खेळाबद्दल बोलणार आहे, ते लपवत नाही. हा खेळ शिकताना मला जे उमगलं ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे. आपण समुद्राकाठच्या बायका. पण समुद्राबद्दल आपल्या वाट्याला मनाई आली, माहिती आली नाही. मनाई पाळून आपण सुरक्षित राहतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, हे मी पाण्यात उतरून शिकले.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. रात्री अंथरुणात पडल्यावर लाटेचा आवाज यायचा. माझे दोघे भाऊ सातव्या-आठव्या वर्षी पोहायला लागले. त्यांना कुणी शिकवलं नाही. मोठ्या पोरांबरोबर गेले आणि शिकले. मी आणि बहीण घोट्यापर्यंत पाण्यात. त्यापुढे गेलं की आजी वाळूवरून हाक मारायची. परकर भिजला तर घरी बोलणी. पाळी सुरू झाल्यावर तेही थांबलं. आजीने मला समुद्राबद्दल एकच गोष्ट सांगितली, "दर्याक पाठ करू नये." ती गोष्ट किती खरी आहे, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

झालं असं, की माझी मुलगी गोव्यात नोकरीला लागली आणि सुट्टीच्या दिवशी सर्फिंग शिकायला जाऊ लागली. सर्फिंग म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणं. मी तिला भेटायला गेले, तर ती मला घेऊन गेली आश्व्याच्या किनाऱ्यावर. आमच्याकडून तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे तालुका. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी अशी गावं ओळीने लागतात. मोरजी-मांद्र्याला थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तोच हा पट्टा. शेवटी मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते.

आश्व्याला नवशिक्यांचा किनारा का म्हणतात? तळाला वाळू आहे. मधूनमधून काळे खडक आहेत, ते सोडून शिकवतात. उतार सौम्य आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोल पाण्यात आली की फुटते. उतार एकदम उभा असला तर ती आडवी होऊन धाडकन आपटते. उतार हळूहळू असला तर ती लांबून फुटत, फेस करत येते. नवशिकी बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्या फेसावरच शिकते. पडली तर वाळूवर पडते. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत बहुतेक दिवस तिथे लाट अर्धा ते एक मीटर असते. पावसाळ्यात तीच बाहेरच्या समुद्रात तीन-चार मीटर, कधी त्याहून जास्त होते. तेव्हा तिथे शिकण्याचं नावही काढायचं नाही.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ दिला की समुद्र शांत झाला असं धरतात. होडीवाल्यांसाठी तो मुहूर्त असेल. किनाऱ्यावर उभ्या असणाऱ्या बाईसाठी ऑगस्टचा समुद्र शांत नसतो. पावसाळ्याने किनाऱ्याची वाळू ओढून आत नेलेली असते, तिचे पाण्याखाली बांध तयार झालेले असतात, मध्ये खोल सऱ्या पडलेल्या असतात. ती वाळू परत किनाऱ्याला लागायला पुढचे काही महिने जातात. या सऱ्यांबद्दल मी पुन्हा बोलणार आहे, कारण माणसं तिथेच बुडतात.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, फळी देतील आणि पाण्यात ढकलतील. शिकवणारा मुलगा तिथल्याच मच्छीमार घरातला, माझ्या मुलीच्या वयाचा. तो म्हणाला, "काकी, आधी बसा. पंधरा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा आणि काय दिसलं ते मला सांगा." मी म्हटलं, काय दिसणार, समुद्र दिसतोय. तो हसला. "लाटा मोजा. मोठ्या किती एकामागोमाग येतात? मग किती वेळ शांत? लाट कुठे फुटते? कुठे फुटतच नाही? वारा कुठून आहे? पाण्यातली माणसं उभी होती तिथेच आहेत, की सरकत चालली आहेत?"

मैत्रिणींनो, समुद्राकाठी जन्मून सत्तेचाळीस वर्षांत मला हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. समुद्राला नमस्कार कर, समुद्रापासून लांब राहा, एवढंच माहीत. त्या पंधरा मिनिटांत मला दिसलं की लाटांचे घोळके येतात, चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ बारीक. दिसलं की पाण्यात उभी असलेली माणसं नकळत दक्षिणेकडे सरकली होती. पाणी वाचता येतं हे मला तिथे कळलं.

आता अंदाजाबद्दल. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, १९९९ साली सुरू झालेलं. केंद्र सरकारची संस्था. समुद्राच्या स्थितीचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज ते देतं आणि लाटा धोक्याच्या असतील तर इशारा देतं. हा अंदाज सगळ्यांसाठी खुला आहे, पैसे पडत नाहीत. तुमच्या-माझ्या करातून तो चालतो. त्यात आकडे असतात, आणि आकडे म्हटलं की आपण कागद नवऱ्याकडे किंवा मुलाकडे देतो. तसं करू नका. चारच गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, लाटेची उंची. इथे एक मेख आहे. अंदाजात एक मीटर लिहिलं म्हणजे प्रत्येक लाट एक मीटरची नव्हे. येणाऱ्या लाटांतल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. बऱ्याच लाटा तिच्याहून लहान असतात, पण एखादी दीडपट-दुप्पटही येते. म्हणून दहा मिनिटं गुडघ्याला लागणारं पाणी अकराव्या मिनिटाला छातीला लागतं.

दुसरी, दोन लाटांमधला वेळ. सेकंदात असतो. पाच-सात सेकंद असेल तर जवळच्या वाऱ्याने उठलेल्या आखूड, विस्कटलेल्या लाटा. बारा-पंधरा सेकंद किंवा जास्त असेल तर हजारो किलोमीटरवरच्या वादळाने पाठवलेल्या लांब लाटा. आपल्या किनाऱ्याला एप्रिल-मेमध्ये अशा लाटा थेट दक्षिणेच्या महासागरातून येतात. खोल पाण्यात उंची तीच आणि हा वेळ दुप्पट असेल, तर लाटेतून येणारी शक्तीही दुप्पट असते. शिवाय लांब लाट उथळ पाण्यात आली की जास्त वर चढते. बहुतेकजण उंची वाचतात आणि हा आकडा सोडून देतात. मीही सोडला होता, ते सांगते पुढे.

तिसरी, वारा. हे आपल्याला माहीत आहे, फक्त आपण त्याला ज्ञान म्हणत नाही. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. तो लाटेला समोरून थोपवतो, लाट नितळ राहते. थंडीच्या दिवसांत आश्व्याला म्हणूनच सकाळी लवकर जायचं. अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, पाणी विस्कटतं. थंडीत कधी कधी अरबस्तानाकडच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटाही वायव्येकडून येतात. त्यांना शमाल म्हणतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या लाटांचा अभ्यास केला आहे. आपल्या अंगणातल्या समुद्रावर केवढ्या लांबून पाहुणे येतात बघा.

चौथी, भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, गोव्याला साधारण दोन मीटर. पण तेवढ्यानेही किनारा बदलतो. पूर्ण भरतीला लाट काठाच्या उभ्या वाळूवर आपटते, पूर्ण ओहोटीला सऱ्यांमधून पाणी जोराने बाहेर ओढलं जातं. मी मधली वेळ धरते. आणि नदीच्या, खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी कधीच उतरायचं नाही. सगळी खाडी तेव्हा समुद्रात रिकामी होत असते.

आता माझी चूक. शिकून वर्ष झालं होतं, अंगात थोडी हुशारी आली होती. एप्रिलमधली सकाळ. अंदाजात उंची ०.९ मीटर, आदल्या दिवसाइतकीच. मी पुढचा आकडा बघितलाच नाही. आदल्या दिवशी दोन लाटांत आठ सेकंद होते, त्या दिवशी सोळा. वर ओहोटी. पाणी तर सुरेख दिसत होतं, घोळक्यांच्या मध्ये चार-पाच मिनिटं एकदम शांत. मी फळी घेऊन गेले आणि लाट फुटत नव्हती अशा जागेतून आत शिरले, सोपं वाटलं म्हणून. तीच पाण्याची सरी. बघता बघता किनारा लांब गेला. मी पाय टेकवायला गेले तर तळ नाही. मग मोठा घोळका आला.

काय वाटलं ते सांगत बसत नाही. दोन गोष्टींनी मी वाचले. मी फळी सोडली नाही, ती तरंगते. आणि किनाऱ्याकडे हातपाय मारायचे नाहीत हे शिकवलेलं आठवलं. ती ओढ इतकी जोरदार असू शकते की उत्तम पोहणाराही तिच्या उलट जाऊ शकत नाही. तो दमतो आणि दमूनच बुडतो. ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. तेव्हा तरंगायचं, एक हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताहेत तिकडे सरकायचं. लाटा फुटतात तिथे पाणी उथळ असतं आणि ते तुम्हाला काठाकडे ढकलतं. शिकवणारा मुलगा बाजूने येऊन पोचला तोवर मी निम्मी बाहेर आले होते. वाळूवर आल्यावर तो ओरडला नाही. म्हणाला, "काकी, आज किती सेकंद होते?" मला सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून मी किनाऱ्यावर माणसं बघते, आणि विशेषकरून आपल्या बायका बघते. सहलीला आलेलं कुटुंब असतं. पुरुष पुढे जातात, उड्या मारतात. बाई साडी पोटरीपर्यंत उचलून, दोन्ही हातांत दोन मुलं धरून, लाटा कमी असतील अशी जागा शोधते. ती काळजीपोटीच शोधते. आणि नेमकी त्या सरीच्या तोंडाशी उभी राहते, कारण लाटा तिथेच कमी असतात. पाणी जरा काळसर, वर फेस नाही, आजूबाजूला लाटा फुटताहेत आणि मध्ये शांत पट्टा. समुद्रावरची सर्वांत धोक्याची जागा नवख्या डोळ्याला सर्वांत सुरक्षित दिसते.

अशाच एका बाईला मी एकदा हटकलं. म्हटलं, ताई, इथे नको, त्या फेसाच्या बाजूला या, घोट्याइतक्या पाण्यात. तिचा नवरा म्हणाला, "आम्ही दरवर्षी येतो हो." ती मात्र मुलांना घेऊन बाजूला आली. मी तिला वाळूवर बसवून तो पट्टा दाखवला. तिला पाच मिनिटांत दिसला. मग ती म्हणाली, "हे आम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं कसं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायला हवं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून आलेल्या कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. फेब्रुवारी, म्हणजे समुद्र दिसायला शांत असतो तो महिना. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे पाचजण गेले, त्यांत दोघी मुली. तेव्हा दक्षिणेकडून लांब लाटा येत होत्या. केरळात अशा लाटांना कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. इकडे वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि पाणी एकाएकी चढतं. त्या लाटा निघाल्या होत्या एप्रिलच्या शेवटी, आपल्यापासून दहा हजार किलोमीटरवर. त्या येणार हे आधी कळलं होतं आणि इशाराही दिलेला होता. इशारा होता, पण तो वाळूवर उभ्या असलेल्या मुलीपर्यंत पोचून तिला कळला का? प्रश्न तिथे आहे.

अशा घटनेनंतर शाळा-कॉलेजांतून काय होतं? सहली बंद. त्यातही मुलींच्या आधी बंद. पालक म्हणतात, बरं झालं. परत मनाई. पाणी कसं वाचायचं हे मात्र त्या वर्षीही कुणी शिकवत नाही. मग चार वर्षांनी ती मुलगी लग्न होऊन नवऱ्याबरोबर समुद्रावर जाते, हातात मूल घेऊन, तितकीच अजाण.

आता तुम्ही म्हणाल, सहलीला जाणाऱ्यांचं सोड, आमचं काय? आमच्या गटातलंच सांगते. आमच्याकडे बऱ्याचजणी खाडीत तिसऱ्या काढतात, खडकांवर कालवं आणि शिनाणे काढतात. कमरेएवढ्या पाण्यात तीन-तीन तास. समुद्राला पाठ करूनच काम करावं लागतं, कारण डोळे खडकावर असतात. लाटांचा इशारा मोबाईलवर येतो तो होडीच्या मालकाला. होड्या पुरुषांच्या नावावर. तो होडी वर ओढून घेतो आणि घरी येऊन झोपतो. त्याची बायको, नाहीतर शेजारीण, पहाटे खडकावर गेलेली असते. इशारा देणाऱ्यांच्या यादीत ती नाही, कारण ती मच्छीमार धरली जात नाही. बाजारात मासळी विकते ती तीच, टोपलीतले शिनाणे काढते ती तीच. पण समुद्रावर जाणारा म्हणजे होडीतून जाणारा, अशी व्याख्या झाली आणि बाई व्याख्येबाहेर राहिली.

म्हणून आम्ही महिन्याच्या बैठकीत अंदाज वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत चार आकडे फळ्यावर लिहिले. गटातली सर्वांत म्हातारी, आयुष्यभर कालवं काढलेली, सही करता येत नाही अशी आजी म्हणाली, "बाये, भरती कधी ता माका विचार." आणि तिने तोंडी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास पुढे ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या वर थोडी पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. कोष्टकाशी ताडून बघितलं, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळलं. अमावस्या-पौर्णिमेच्या मागोमाग उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे तर तिला बोटांवर होतं.

मग ती म्हणाली, "तुका मोबाईलार लाट दिसता, वाळू खंय दिसता?" आणि हे अगदी खरं आहे. अंदाज खोल पाण्याचा असतो. तुमच्या किनाऱ्यावर या वर्षी सरी कुठे पडली आहे, हे हैदराबादला माहीत नसतं. ते तिला माहीत असतं. पण दहा हजार किलोमीटरवर काल काय झालं, हे तिला माहीत नसतं. दोन्ही मिळून अंदाज पुरा होतो. तेव्हापासून आकडे मी वाचते आणि वाळूचं ती सांगते. गेल्या मेमध्ये दोन दिवस आम्ही ठरवून खडकावर गेलो नाही. त्या दोन दिवसांची कमाई बुडली, हे खरं आहे. त्याची भरपाई कुणी दिली नाही, हेही खरं आहे. समुद्र बंद तर मजुरी बंद, यावर आपल्याला मागणी तयार करावी लागेल. पण घरी बसायचं हे आमचं आम्ही ठरवलं, कारण माहीत असताना ठरवलं. तिसऱ्या दिवशी कधी जायचं तेही आम्हीच ठरवलं.

आता खेळाकडे येते, कारण त्या हसण्याचं उत्तर अजून राहिलं आहे. हवाई बेटांवर पूर्वी बायका आणि पुरुष दोघंही लाटांवर जात. १८२० साली अमेरिकेतून मिशनरी तिथे पोचले. उघडं अंग आणि बायका-पुरुषांनी एकत्र खेळणं त्यांना पाप वाटलं. त्यानंतर खेळ मागे पडत गेला, आणि विसाव्या शतकात तो जगभर पसरला तेव्हा पुरुषांचा म्हणून पसरला. जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने बायकांना समान बक्षीस द्यायचं जाहीर केलं ते २०१८ साली, आणि दिलं २०१९ पासून. आपल्याकडे मुंबईत वाढलेली इशिता मालवीय मणिपालला शिकायला असताना सर्फिंग शिकली आणि देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली गेली. कर्नाटकातल्या कोडी बेंगरे या मच्छीमार गावात ती आणि तिचा साथीदार शिकवू लागले. हे सांगते ते एवढ्यासाठी, की बाईने लाटेवर जाऊ नये हे समुद्राने ठरवलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगते. पहिल्यांदा पाण्यात उतरताना मला बुडण्याची भीती कमी आणि लोक काय म्हणतील याची जास्त होती. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लेगिंग घालून गेले. भिजलेल्या कपड्यात वाळूवरून चालत येताना वाटायचं, सगळा किनारा आपल्याकडेच बघतो आहे. काहीजण बघत होतेच. एकाने मोबाईल काढला, तेव्हा माझी मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कपडे बदलायला आडोसा नाही, संडास लांब. मुली पाण्यात का येत नाहीत याची कारणं शोधायला आत जावं लागत नाही, ती काठावरच सापडतात.

आणि तरीही, फेसाच्या लाटेवर पहिल्यांदा चार सेकंद उभी राहिले, तेव्हा मी मोठ्याने ओरडले. लग्न झाल्यापासून इतक्या मोठ्याने मी फक्त मुलांना हाक मारायला ओरडले होते. आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं? हात वर करा बघू. सात. साठजणींत सात, आणि सगळ्या समुद्राकाठच्या. मी आणखी काही बोलायला नको.

शेवटी कामाचं. आपल्या गटांनी काय करावं, माझ्या डोक्यात आहे ते सांगते, तुम्ही भर घाला.

एक, अंदाज मराठीत, साध्या शब्दांत, रेशन दुकानावर, मासळी बाजारात आणि अंगणवाडीच्या भिंतीवर रोज लागला पाहिजे. ग्रामपंचायतीकडे तसा लेखी अर्ज करा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे, तो वापरा.

दोन, कालवं, तिसऱ्या, शिनाणे काढणाऱ्या बायकांची मच्छीमार म्हणून नोंद झाली पाहिजे, म्हणजे इशारा त्यांच्या नावावर येईल आणि समुद्र बंद असताना मदत मागायला आधार मिळेल.

तीन, किनाऱ्यावरच्या शाळांत मुलींना पोहणं आणि पाणी ओळखणं शिकवा. किनाऱ्यावर जीवरक्षक हवेत आणि त्यांत गावातल्या मुली हव्यात. गोव्यात २००८ पासून नेमलेले जीवरक्षक आहेत. लाल निशाण असेल तर पाण्यात जायचं नाही, लाल-पिवळी निशाणं असतील तर त्या दोन निशाणांच्या मध्येच राहायचं, एवढं तरी प्रत्येक मुलीला माहीत हवं.

चार, आडोसा आणि संडास. ही मागणी जुनी आहे, पण समुद्राच्या संदर्भात आपण ती कधी केली नाही.

आणि पाचवं करायला कुणाची परवानगी लागत नाही. आज संध्याकाळी चहा झाला की आपण सगळ्याजणी इथल्या किनाऱ्यावर जाणार आहोत. पाण्यात कुणी उतरायचं नाही, ओहोटीची वेळ आहे. वाळूवर बसायचं, समुद्राकडे तोंड करून, पंधरा मिनिटं. लाटा मोजायच्या, वारा बघायचा आणि न फुटणारा तो काळसर पट्टा शोधायचा. जिला आधी दिसेल तिने शेजारणीला दाखवायचा.

मघाशी हसलेल्या दोघी-तिघी माझ्या शेजारी बसा.